घरचें काडतूस आणि बाजारचें काडतूस

घरीं केलेली वस्तु विकतच्या वस्तूपेक्षां स्वस्त पडते, ही समजूत सर्व देशांत सारखीच दृढ आहे. पापड-लोणच्यांपासून शिवणकामापर्यंत तिच्या भरंवशावर आपण पुष्कळ श्रम आनंदानें करतों, आणि त्या श्रमांची किंमत हिशेबांत धरण्याचें बहुधा टाळतों. अमेरिकेंतील नेमबाज व शिकारी लोकांत हाच वाद गेलीं दीडशें वर्षें एका निराळ्याच वस्तूविषयीं चालला आहे. ती वस्तु म्हणजे काडतूस. बार उडाल्यावर हातीं राहिलेली पितळेची रिकामी पुंगळी फेकून न देतां तींत नवी केप, नवी दारू व नवी गोळी घरच्या घरीं भरावी, कीं कारखान्याची तयार पेटी विकत आणावी? पहिला मार्ग पत्करणारांची संख्या तेथें आजही फार मोठी आहे, आणि त्यांना कारण विचारलें तर ‘पैसे वांचतात’ हेंच उत्तर बहुधा प्रथम मिळतें. हें उत्तर कितपत खरें आहे, आणि तें कोणाच्या बाबतींत व केव्हां खरें ठरलें, हें इतिहासाच्या आधारानें पाहण्याचा आमचा विचार आहे. विषय परका व कांहींसा रुक्ष वाटेल. परंतु त्याच्या पोटांत एका प्रचंड प्राणिजातीचा संहार आणि एका समाजाची झुंज दडलेली आहे, म्हणून वाचकांनीं थोडा धीर धरावा, अशी विनंति आहे.

ठासणीच्या बंदुकांच्या काळीं हा प्रश्न उद्भवतच नव्हता. त्या वेळचें ‘तयार काडतूस’ म्हणजे फार तर कागदाची एक पुडी. तींत मोजून घातलेली दारू आणि एक गोळी. शिकाऱ्याजवळ तेंही नसे. शिंगांत दारू, पिशवींत गोळ्या, आणि त्या गोळ्या ओतण्यासाठीं नळीच्या मापाचा लहानसा साचा, एवढ्यावर त्याचें भागे. धातूची पुंगळी आली तेव्हां घरचें आणि बाजारचें हा भेद सुरू झाला. दारू, गोळी आणि ठिणगी हीं तिन्ही एका नळकांड्यांत बंद झालीं, बंदूक मागील बाजूनें भरतां येऊं लागली, आणि काडतूस ही कारखान्याची वस्तु बनली. शिपायाची व शिकाऱ्याची सोय खरोखरच मोठी झाली. पण त्याबरोबर तो कारखानदाराचा बांधलेला गिऱ्हाईक झाला.

हें गिऱ्हाईकपण कायमचें राहावयाचें कीं नाहीं, हें एका क्षुल्लक दिसणाऱ्या छिद्रावर ठरलें. १८६६ सालीं दोन लष्करी माणसांनीं, अमेरिकेंत कर्नल हायरम बर्डन यानें आणि इंग्लंडांत वूलिच येथील सरकारी प्रयोगशाळेचा मुख्य एडवर्ड बॉक्सर यानें, काडतुसाच्या बुडाशीं केप बसविण्याच्या दोन निराळ्या तऱ्हा काढल्या. केप म्हणजे आघातानें पेटणारी बारीकशी टोपी. बंदुकीचा टोंचा तिच्यावर बाहेरून आपटतो, तेव्हां आंतल्या अंगानें तिला टेकावयास एक ऐरण लागते. बर्डननें ही ऐरण पुंगळीच्या बुडांतच घडविली आणि ठिणगी आंत जावी म्हणून तिच्या दोहों बाजूंस दोन बारीक छिद्रें ठेविलीं. बॉक्सरनें ऐरण केपेच्याच पोटांत बसविली आणि पुंगळीच्या बुडास मधोमध एकच छिद्र ठेविलें. परिणाम असा झाला कीं, बॉक्सरच्या पुंगळींत वरून एक सरळ खिळा घातला म्हणजे जळालेली केप टपकन् बाहेर पडते. बर्डनच्या पुंगळींतून ती काढावयाची तर बाहेरून कोरावी लागते, नाहीं तर पाण्याच्या दाबानें उडवावी लागते. गंमत ही कीं, अमेरिकनाची तऱ्हा युरोपांतील सैन्यांनीं उचलली आणि इंग्रजाची तऱ्हा अमेरिकेच्या बाजारांत रूढ झाली. घरीं काडतुसें भरण्याचा नाद अमेरिकेंत फोफावला आणि युरोपांत त्या मानानें खुंटला, याला कायदे, शिकारीचे हक्क वगैरे इतर कारणें आहेतच. तरी या एका छिद्राचा त्यांतील वांटा लहान नाहीं.

आतां प्रत्यक्ष हिशेब पाहूं. काडतुसाचे जिन्नस चार: पुंगळी, केप, दारू व गोळी. यांपैकीं पुंगळी बहुधा सर्वांत महाग, आणि बार उडाल्यावर तीच तेवढी शिल्लक राहते. बाकीचे तिन्ही जिन्नस खर्चीं पडतात. घरीं भरण्याचें सारें अर्थशास्त्र यावर उभें आहे. उदाहरणासाठीं अमेरिकन सैन्यानें १८७३ सालीं स्वीकारलेलें काडतूस घेऊं. त्याला ‘पंचेचाळीस-सत्तर’ म्हणत. कारण नळीचें माप इंचाच्या शंभर भागांपैकीं पंचेचाळीस, आणि दारू सत्तर ग्रेन. ग्रेन म्हणजे आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून थोडा अधिक. एका रतलांत ७००० ग्रेन असतात. म्हणजे रतलभर दारूंत बरोबर १०० बार, आणि २५ रतलांच्या पिपांत २५००. गोळीचें वजन ४०५ ग्रेन; म्हणजे रतलभर शिशांत सतरा गोळ्या. तेव्हां शंभर बारांस एक रतल दारू, सहा रतलांहून थोडें कमी शिसें आणि शंभर केपा. पुंगळी दहा वेळां वापरली तर तिची किंमत दहांनीं भागावयाची, वीस वेळां वापरली तर विसांनीं. कागदावर हा हिशेब इतका स्वच्छ दिसतो कीं, तयार काडतूस विकत घेणारा मनुष्य वेडाच ठरावा. तो वेडा ठरत नाहीं, याचें कारण पुढें येईल.

हा हिशेब पोटासाठीं ज्यांनीं मोठ्या प्रमाणावर मांडला ते कॅन्सस, टेक्सस व मोंटाना येथील माळरानांवरचे कातडीवाले शिकारी. बायसन नांवाच्या रानबैलाला (हा आपल्याकडील गव्याचा दूरचा आप्त) त्यापूर्वीं मुख्यतः हिवाळ्यांतील केसाळ पांघरुणासाठीं मारीत. १८७१ च्या सुमारास त्याचें कातडें कमावून कारखान्यांतील यंत्रांचे पट्टे करण्याची रीत साधली, आणि त्या कातड्याला बारमाही गिऱ्हाईक मिळालें. १८७२ च्या सप्टेंबरांत आगगाडी डॉज सिटीला पोंचली. मग एक नेमबाज, दोन-चार सोलणारे आणि एक गाडी, अशा टोळ्या शेंकड्यांनीं रानांत शिरल्या. नेमबाजाची बंदूक पुष्कळदां शार्प्स कंपनीची असे: जड, एकबारी, दोन-तीनशें वारांवरून बैल लोळविणारी. वारा आपल्या तोंडावर घेऊन तो एका जागीं पडून राही आणि कळपाला चाहूल न लागूं देतां एकामागून एक जनावर टिपी. रात्रीं तळावर शेकोटीशीं बसून शिसें वितळवावें, गोळ्या ओताव्या, दिवसभराच्या पुंगळ्या धुऊन पुसून पुन्हा भराव्या, हा त्याचा नित्यक्रम. पिपांतली दारू आणि शिशाच्या लगडी हें त्याचें भांडवल. कांहीं जण तर मेलेल्या जनावरांतलें शिसें परत काढून तेंच पुन्हा ओतीत.

या लोकांचा पैसा वांचे काय? निःसंशय वांचे. कातड्याला साधारणतः एकापासून तीन डॉलरपर्यंत भाव येई, आणि त्यांतून सोलणाऱ्यांची मजुरी, घोडे, गाडी व दाणागोटा हें सर्व वजा जावयाचें. अशा धंद्यांत बारामागें वांचलेले कांहीं सेंट हाच पुष्कळदां नफा. परंतु आमच्या मतें भावापेक्षांही दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या होत्या. पहिली अंतराची. रुळांपासून शंभर मैल आंत गेल्यावर आपल्याच बंदुकीच्या मापाचें तयार काडतूस मिळेल, याची शाश्वति कोण देणार? शिसें व दारू मात्र कोणत्याही व्यापाऱ्याच्या ठाण्यावर मिळे, आणि त्यांपासून वाटेल त्या मापाचा बार करतां येई. दुसरी गोष्ट वेळेची. अंधार पडल्यावर त्या रानांत दुसरें कसलेंच काम नव्हतें. त्याच्या रात्रीच्या दोन तासांना कोणी दमडीही दिली नसती. म्हणून मजुरी शून्य धरण्याचा अधिकार या मनुष्याला खरोखरच होता. पुढें ज्यांनीं ज्यांनीं त्याचें अनुकरण केलें, त्यांपैकीं फार थोड्यांना तो होता.

या स्वस्ताईच्या वहीचें दुसरें पान कोणीच लिहून ठेविलें नाहीं. दक्षिणेकडचे कळप १८७८ च्या सुमारास संपले, उत्तरेकडचे १८८३ पर्यंत. एके काळीं ज्यांची गणना कोटींनीं करीत, त्या जातीचे जगांत अकराशेंहूनही कमी प्राणी उरले आहेत, असें विल्यम हॉर्नडे यानें १८८९ सालीं दाखवून दिलें. काडतुसें महाग असतीं तर हा संहार टळला असता, असें आमचें म्हणणें नाहीं. आगगाडी, कातड्याची मागणी, आणि माळरानावरील मूळ रहिवाशांचें अन्नच तोडावें हें अनेक लष्करी अधिकाऱ्यांस पसंत असलेलें धोरण, हीं कारणें त्याहून बलवान होतीं. पण बार स्वस्त पडतो म्हणून नेम चुकण्याची पर्वा नाहीं, घायाळ जनावर दूर गेलें तरी हळहळ नाहीं, आणि एक डॉलरच्या कातड्यासाठींही बैल मारणें परवडतें, अशी स्थिति जी आली तींत शेकोटीजवळच्या त्या साच्याचा हात होता, हें नाकारतां येणार नाहीं.

त्याच माळरानावर काडतुसें भरणारा दुसराही एक वर्ग होता, आणि त्याला पैशाच्या बचतीचा प्रश्न विचारणेंच अन्यायाचें होईल. २५ जून १८७६ रोजीं लिटल बिगहॉर्न नदीकांठीं लाकोटा, शायेन व अरापाहो लोकांनीं कस्टरच्या हाताखालील तुकडीचा समूळ नाश केला. पुढच्या ऑगस्टच्या ५ तारखेस अमेरिकन काँग्रेसनें ठराव करून शत्रुत्वानें वागणाऱ्या जमातींस धातूचीं काडतुसें पुरविण्यास बंदी करण्याची व्यवस्था केली. कारखान्यांत बनणारी वस्तु अडविली म्हणजे बंदूक ही नुसती काठी होईल, हा त्यामागील तर्क. तो सर्वस्वीं खरा ठरला नाहीं. या जमातींशीं लढण्यांत आयुष्य घालविलेला कर्नल रिचर्ड अर्व्हिंग डॉज यानें आपल्या १८८२ सालच्या पुस्तकांत लिहून ठेविलें आहे कीं, हे लोक वापरलेल्या पुंगळ्या जपून ठेवीत, त्यांच्या बुडाशीं ठासणीच्या बंदुकीची लहान केप बसवीत, आणि मिळेल तेथून मिळविलेली दारू व शिसें त्यांत भरीत; एकच पुंगळी चाळीस-पन्नास वेळां भरली जाते, आणि तिचा बार नव्या काडतुसाच्या जवळजवळ तोडीचा असतो, असें ते सांगत. डॉज हा त्यांचा चाहता नव्हे. त्याच्या पुस्तकांत त्यांच्याविषयीं तिरस्काराचे उद्गार भरपूर आहेत, आणि म्हणूनच या कौशल्याविषयींची त्याची साक्ष आम्हांला वजनदार वाटते. ज्या पुंगळ्या पुन्हा भरल्या जाऊं नयेत अशाच बनविल्या होत्या, त्याही या लोकांनीं भरल्या. त्यांच्या दृष्टीनें बाजारच्या काडतुसाचा भाव किती हा प्रश्नच नव्हता. बाजारच त्यांना बंद होता.

लिटल बिगहॉर्नच्या पराभवानें सैन्याच्या हिशेबांतही पालट झाला. तेव्हांचीं सरकारी काडतुसें तांब्याच्या पुंगळीचीं असत, त्यांची केप आंतल्या अंगास बसविलेली असे, आणि तापलेल्या बंदुकींत त्या पुंगळ्या अडकून बसतात अशी तक्रार होती. शिवाय शिपायाला नेमबाजीच्या सरावासाठीं मिळणारे बार इतके थोडे कीं, कित्येकांनीं प्रत्यक्ष चकमकीपूर्वीं बंदूक क्वचितच उडविलेली असे. ही उणीव भरून काढण्यासाठीं कर्नल लेडली याचें नेमबाजीवरील पुस्तक १८७९ सालीं सरकारी शिक्षणक्रमांत आलें, आणि सरावाचे बार वाढले. बार वाढले तसा खर्चही वाढला. तेव्हां फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड कारखान्यानें बाहेरून केप बसणाऱ्या, पुन्हा भरतां येण्याजोग्या पुंगळ्या काढल्या, आणि ठाण्याठाण्यांवर भरण्याचीं हत्यारें धाडलीं. शिपायांनीं सरावाचीं काडतुसें छावणींतच भरावीं, असा शिरस्ता पडला. येथेंही मजुरी शून्यच धरली होती, कारण शिपायाचा पगार एरवींही द्यावाच लागे. सरकारचा पैसा वांचला, आणि शिपायाला सराव मिळाला. पुढें १८९२ सालीं बिनधुराच्या दारूची नवी बंदूक आली, आणि ही पद्धत हळूहळू मागें पडली.

सामान्य नागरिकांत हा उद्योग घरोघर नेण्याचें श्रेय कनेटिकटमधील न्यू हेवन येथें १८८४ सालीं जॉन बार्लो यानें काढलेल्या ‘आयडियल’ कंपनीस द्यावें लागेल. तिचें हत्यार आपल्या अडकित्त्यासारखें दिसे. एवढ्या एका अडकित्त्यानें जुनी केप काढावी, नवी बसवावी, आणि गोळी पुंगळीच्या तोंडांत दाबावी. कित्येक नमुन्यांत गोळी ओतण्याचा साचाही त्यालाच जोडलेला असे. कंपनी आपल्या मालाबरोबर माहितीचें एक पुस्तकही काढी, आणि त्यांत बचतीचा हिशेब आवर्जून मांडी. १९२५ सालीं ती लायमन कंपनीच्या ताब्यांत गेली, तरी त्या घडणीचें हत्यार पुढें कित्येक वर्षें विकलें जात होतें.

पण याच सुमारास बचतीच्या आड दोन विघ्नें आलीं. फ्रान्सांत पॉल व्हिएय यानें १८८४ सालीं बिनधुराची दारू साधली, आणि थोड्याच वर्षांत जुनी काळी दारू मागें पडली. काळ्या दारूचा एक मोठा गुण असा कीं, ती पुंगळी भरूनच घालावयाची. दुप्पट भरूं म्हटलें तरी जागाच नसे. नवी दारू थोडक्यांत जास्त जोर करणारी. जुन्या ऐसपैस पुंगळीच्या तळाशीं ती थोडीशीच दिसे. चुकून दोनदां घातली तरी तोंडापर्यंत येत नसे, आणि मग नळी फुटून डोळा किंवा बोटें जाण्याचा प्रसंग येई. माप आतां पळीनें नव्हे, तराजूनेंच करणें भाग पडलें. दुसरें विघ्न अधिक गूढ होतें. त्या काळच्या केपांत पाऱ्याचा स्फोटक क्षार असे. काळ्या दारूच्या दाट काजळींत तो पारा विरून जाई. बिनधुराच्या दारूंत काजळी नाहीं, म्हणून तो थेट पितळेंत मुरे. पारा मुरलेली धातु किती ठिसूळ होते, हें आपल्याकडील सोनारांस सांगावयास नको. एक-दोन बारांतच पुंगळीला चिरा पडूं लागल्या, आणि दहांनीं भागण्याचा तो सुंदर हिशेब एक-दोनांवर आला. बिनपाऱ्याच्या केपा रूढ होईपर्यंत कित्येकांनीं या कारणानें हा नाद सोडला.

नाद पुन्हा वाढला तो टंचाईनें आणि युद्धोत्तर मोडीच्या मालानें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कारखाने सैन्यासाठीं राबत होते, आणि शिकाऱ्यांना गोळ्या मिळेनात. बावीस मापाचें लहान काडतूस पुन्हा भरतां येत नाहीं, कारण त्याचा स्फोटक मसाला कांठाच्या घडींतच असतो. त्याच्या पुंगळ्या कचऱ्यासारख्या पडत. आयडाहोंत व्हर्नन स्पीअर आणि कॅलिफोर्नियांत फ्रेड हंटिंग्टन यांनीं १९४३ च्या आसपास या टाकाऊ पुंगळ्या दाबून त्यांचीं शिशाच्या गोळीवरचीं कवचें बनविण्याचा उद्योग आरंभिला, आणि दोघांचेही पुढें मोठे कारखाने झाले. युद्ध संपल्यावर सरकारी कोठारांत उरलेली दारू कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यानें घाऊक विकत घेऊन किरकोळ भावानें विकली. ती अतिशय स्वस्त होती. १९५० नंतरच्या ‘घरचें काडतूस निम्म्याहून स्वस्त’ या ठाम समजुतीचा उगम बराचसा या मोडीच्या दारूंत आहे. आणि तसली दारू कायम मिळत राहणार नव्हती, हें ती समजूत बाळगणारे विसरतात. १९५८ सालीं विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली यानें हातोडीनें ठोकून वापरावयाचें एक स्वस्त हत्यार काढलें, आणि हा उद्योग स्वयंपाकघरांतल्या मेजावर आला.

आतां आजच्या काळाकडे वळूं. हल्लींची नऊ मिलिमीटरची पिस्तुलाची गोळी चालविण्यास सुमारें पांच ग्रेन दारू पुरते. म्हणजे एका रतलांत चौदाशें बार. हा आंकडा ऐकून कोणासही मोह पडेल. परंतु हेंच काडतूस कारखाने इतक्या अफाट संख्येनें काढतात कीं, त्याचा बाजारभाव घरच्या खर्चाच्या अगदीं जवळ येऊन बसतो. समजा, एका मनुष्यानें यंत्र, तराजू व इतर सामान मिळून ५०० डॉलर घातले, आणि बारामागें त्याचे ५ सेंट वांचले. तर दहा हजारावा बार उडेपर्यंत तो तोट्यांतच आहे. उलट, मोठ्या मापाच्या व कमी खपणाऱ्या शिकारी काडतुसामागें ५० सेंट वांचत असतील तर हजार बारांत भांडवल वसूल होतें. पण असलीं काडतुसें वापरणारा शिकारी वर्षाकांठीं वीस-पंचवीस बार उडवितो! म्हणजे बचत मोठी तेथें वापर थोडा, आणि वापर मोठा तेथें बचत थोडी. या पेंचांतून सुटणारा वर्ग एकच, स्पर्धेंत उतरणारा नेमबाज. त्याला महाग काडतुसें हजारांनीं लागतात, आणि त्याचा पैसा खरोखर वांचतो.

शिवाय वेळ. अडकित्त्यासारख्या साध्या हत्यारानें तासाला पन्नासेक काडतुसें झालीं तर पुष्कळ. मोठ्या फिरत्या यंत्रानें चार-पांचशें होतात, पण त्या यंत्राची किंमतही तशीच. ज्याला आपल्या धंद्यांत तासाला वीस डॉलर मिळतात त्यानें साध्या हत्यारानें भरलेल्या प्रत्येक काडतुसावर चाळीस सेंट मजुरी चढविली पाहिजे; ती चढविली कीं बहुतेकांची बचत उलटी होते. यावर हे लोक म्हणतात, हा आमचा विरंगुळा आहे, त्याची मजुरी कसली धरतां? हें उत्तर आम्हांला पूर्ण मान्य आहे. मात्र मग तो विरंगुळा म्हणावा, काटकसर म्हणूं नये. आणि त्यांच्यांतलेच प्रांजळ लोक कबूल करतात कीं, बार स्वस्त झाल्यानें वर्षाचा खर्च कमी झाला नाहीं. तितक्याच पैशांत बार मात्र दुप्पट उडाले.

आपल्याकडे हा वाद कां नाहीं, तेंही थोडक्यांत सांगितलें पाहिजे. काडतूस कोणाच्या हातचें, या प्रश्नानें हिंदुस्थानांत एकदां फार मोठा इतिहास घडविला आहे. १८५७ च्या जानेवारींत, डमडमच्या काडतुसांची कुजबूज सुरू झाल्यावर, सरकारनें काडतुसें चरबीवांचून द्यावीं आणि शिपायांनीं आपल्या पसंतीचें मिश्रण आपल्या हातांनीं लावावें, अशी मुभा दिली होती. पण विश्वास तोंपर्यंत उडालेला होता. नंतरच्या राज्यकर्त्यांनीं काडतूस सरकारी कारखान्याच्या भिंतींआड नेलें. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून दारूगोळा बनविणें हा गुन्हा ठरला, आणि स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानेंही तो निर्बंध कायम ठेविला. साहेब शिकारी आपलीं छऱ्यांचीं काडतुसें बंगल्यांत भरीत असत. पण खेड्यांतल्या परवानेवाल्या शेतकऱ्याचा संबंध मोजून मिळणाऱ्या तयार काडतुसांशींच आला. बचतीचा वाद घालावयास आधीं निवड असावी लागते.

अमेरिकेंतही ही निवड वाटते तितकी मोकळी नाहीं. शिसें जुन्या मोटारींच्या चाकांना लावलेल्या वजनांतून मिळवितां येतें, पुंगळ्या मैदानांत वेंचतां येतात. पण केप घरीं होत नाहीं. ती तेथें मुख्यतः चार छापांची मिळते, आणि त्यांतले तीन छाप २०२० नंतर एकाच मालकाच्या हातीं आहेत. २०२० व २०२१ सालीं जेव्हां बंदुकांचा खप एकाएकीं वाढला, तेव्हां कारखान्यांनीं आपल्या केपा आपल्याच काडतुसांत घातल्या आणि सुट्या केपांचीं फडताळें रिकामीं झालीं. ज्यांनीं आधीं साठा केला होता त्यांनीं त्या दोन वर्षांत खरोखर पैसा वांचविला. ज्यांनीं केला नव्हता त्यांचीं यंत्रें, दारू व गोळ्या असूनही स्वस्थ बसलीं. टंचाईंत घरचें काडतूस हाताशीं असतें, ही जी या उद्योगाची नेहमींची शिफारस, ती केपेपुरती तरी उलटी ठरली.

एक वर्ग मात्र असा उरतो कीं ज्याला हा सर्व वाद गैरलागू आहे. शार्प्स कंपनी १८८१ च्या सुमारास बंद पडली. ज्या रानबैलांसाठीं तिच्या मोठ्या बंदुका होत्या तेही तेव्हां संपतच आले होते. त्या बंदुका आणि त्यांच्या नव्या नकला अजून हौशी लोकांजवळ आहेत, आणि ते आजही काळी दारूच वापरतात. पन्नास-नव्वद या मापाचीं त्यांचीं काडतुसें मोठे कारखाने आतां काढीत नाहींत. लहान कारखानदार थोडीं काढतात, तीं फार महाग पडतात. हे लोक पुंगळ्या एकदां विकत घेतात, गोळ्या घरीं ओततात, आणि एका रतलांत सत्त्याहत्तर बार या जुन्याच मापानें दारू भरतात.